वार कुणाच्या अंगणात

एल आल्तो, ९ ऑगस्ट

प्रिय आई,

तू बरी असशील. खाली सांताक्रूसला आंब्यांना मोहोर आला असेल. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती पाठवतेय. फाडायच्या आधी वाच तेवढं.

इथे वर, चार हजार मीटरवर, हिवाळ्याची थंडी मरणाची. सकाळी बादलीतलं पाणी गोठलेलं असतं. विल्मर मिनीबस चालवतो, सासूबाई चौकात सूप विकतात. मी ठीक आहे. पाचवा महिना लागलाय, या खेपेला.

'या खेपेला' लिहून गेले, तर सांगतेच. गेल्या वर्षीही दिवस गेले होते. मुलगी झाली, वेळेच्या फार आधी, ओंजळीत मावेल एवढी. दुसऱ्या दिवशी गेली. तुला कळवलं नाही. 'त्या डोंगरी पोरामागे वर गेलीस तर खाली परत येऊ नकोस,' हे तुझेच शब्द. मग कळवणार तरी काय? तेव्हा मी रडले नाही, अजूनही रडू येत नाही. भांडी घासते, कपडे वाळत घालते. सगळं सुन्न झालंय. आत बाळ हलतं, तेवढंच.

परवा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, रक्त वाहण्याचा आवाज ऐकवला. म्हणाल्या, "गर्भाशयातल्या बारीक, पिळदार रक्तवाहिन्या या दिवसांत सैल पडून रुंद व्हायला हव्यात, तेव्हा कुठे बाळाला पुरेसं रक्त पोचतं. तुमच्या अजून आखडलेल्याच आहेत. मागच्या वेळीही हेच झालं असणार." इथल्या बायकांच्या म्हणे या विरळ हवेतही छान रुंदावतात, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिल्यात ना त्या. खालून आलेल्या माझ्यासारख्या पुष्कळजणींच्या नाहीत.

"मी खाली गेले तर?"

"खात्री देत नाही. पण प्राणवायू तरी भरपूर मिळेल. जायचं तर आत्ता जा, मागाहून उपयोग नाही."

घरी येऊन सांगितलं. विल्मर म्हणाला, "जाशील गं, पण तिथे दारात कोण उभं करणार आहे तुला?" त्याचं खोटं नव्हतं.

मला भीती सासूबाईंची. मुलीच्या जन्मानंतर पडलेली वार त्यांनी स्वतः धुऊन, कापडात गुंडाळून आमच्या अंगणात पुरली होती. वार जिथे पुरली, मूल त्या घराचं, असं इथे मानतात. या बाळाचीही इथेच पुरायची, हे त्यांनी केव्हाच ठरवलेलं. त्या बटाटे सोलत राहिल्या. मग एकदम खेकसल्या, "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? मी काय दोरीने बांधून ठेवलंय तुला? जा आईकडे. वारही तिच्याच अंगणात पूर. होऊ दे मूल तिथलं. जगलं म्हणजे झालं." आणि त्याच रडायला लागल्या, सुरी हातात तशीच. मी ती काढून घेतली आणि उरलेले बटाटे सोलले.

आई, गुरुवारच्या बसने निघतेय. तुझ्याकडून दुसरं काही नको, फक्त अंगणात हातभर जागा दे. उत्तर पाठवू नकोस, वाट बघायला वेळ नाही. नको असेन तर दारातून हाकल.

तुझी, सध्या तरी दोन जिवांची,
योवान्ना