डेंगळ्यांच्या वाफ्यातलं पाणी

आई, तू गेलीस त्याला आता दहा वर्षं होत आली, तरी तांदूळ धुताना पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं मला अजून वाटतं. पिंपरीत आम्हाला कंपनीची खोली आहे, नळ घरात आहे, दोन्ही वेळा पाणी येतं. पण तांदळाचं धुवण मोरीत ओतायला हात पुढे केला की मान आपोआप मागे वळते. मागे कुणी नसतं. असतीस तर बोललीच असतीस म्हणा, गप्प बसणं तुझ्या स्वभावात कुठं होतं! एकदा मी ते धुवण अंगणात भिरकावलं, तर हातातलं काम टाकून आलीस आणि पाठीत असा धपाटा घातलास की पातेलं हातातून निसटलं. वर विचारलंस, "तुज्या बापानं तळं बांधलंय का गं?" आबा तेव्हा दुष्काळी कामावर खरोखरच पाझर तलावाची माती उपसत होते. मला हसू फुटलं, म्हणून आणखी एक बसला.

बाहत्तरच्या त्या दुष्काळात चाकणच्या अलीकडचं आपलं रान नुसतं भकास पडलं होतं. विहिरीच्या तळाशी दिवसाकाठी काय साचेल तेवढ्याच घागरी, त्यात आधी माणसं, मग गुरं. तू सगळं रान सोडून दिलंस आणि घरामागचा एकच वाफा धरून बसलीस. तो कांद्याच्या बियाण्याचा होता. आजीनं तिच्या माहेराहून आणलेला फिक्या लाल सालीचा कांदा. दरवर्षी त्यातले निवडक गड्डे पुन्हा लावायचे, त्यांना उंच दांडे फुटतात ते डेंगळे, डेंगळ्याच्या टोकाला पांढरा गोंडा आणि गोंड्यात काळं बी. हे बी एका सालाचं, जुनं झालं की रुजत नाही. म्हणजे तो वाफा वाळला असता तर आजीचा कांदा कायमचा संपला असता. कुंभारानं बाजूला टाकलेली अर्धवट भाजलेली मडकी तू आणलीस, बुडाला भोक पाडून त्यात चिंधी कोंबलीस आणि डेंगळ्यांच्या मधे गळ्यापर्यंत पुरलीस. तोंडावर चपटा दगड. पाणी झिरपत झिरपत मुळाशीच जायचं. जमिनीवर अंथरायला गुरांच्या तोंडची वैरण घ्यायला तुझं मन धजेना, म्हणून पळसाची पानं गोळा करून आणलीस. आणि पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यायचं ते दारात नाही, थेट वाफ्यात उभं करून! मामा एकदा तिथं धोतर वर धरून उभा होता, हसत म्हणाला, "अक्का, आंगूळबी हितंच उरकू का?" तू शांतपणे म्हणालीस, "उरक की. पानी मातुर घरनं आन."

मग दुष्काळी कामावर खडी फोडताना तुला ऊन लागलं. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धे उघडे. चाकणचा डॉक्टर येऊन सुई टोचून गेला, पाणी पाजत राहा म्हणाला. मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले आहे. वाटी ओठांना लावते, आणि तू ओठ मिटून घेतेस.

"मला नगं. वाफ्यात घाल."

"आई, घागर भरल्याली हाय. आबांनी आत्ताच आनली."

"मग तीबी घाल. बी भरत आलंय."

पुन्हा वाटी, पुन्हा मिटलेले ओठ. मी नाक दाबून पाहिलं, रडून पाहिलं, माझ्या गळ्याची शपथ घातली. तू मान फिरवलीस. ते तापातलं बरळणं होतं की तुझा नेहमीचा हट्ट, हे मला आजही ठरवता येत नाही. घरात पाणी होतं, आई. अख्खी घागर होती. दिवस कलायच्या आत तू गेलीस.

बायका जमल्या. दारात पाट मांडला, बाहेर तीन दगडांवर पाणी तापत ठेवलं. तेवढ्यात आबा उठले आणि म्हणाले, "तिला वाफ्यात न्या. हितं पानी सांडल्यालं तिला पटायचं न्हाई." थोरल्या चुलतीनं कपाळावर हात मारला. "भावजी, येड लागलं का? मढ्याचं पानी पिकाला? त्या बियाला हात कोन लावंल?"

"मी लावीन," आबा म्हणाले.

डेंगळ्यांच्या मधे पाट ठेवला, बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला. गोंडे तुझ्या खांद्याला लागत होते. मी तांब्या ओतला. पाणी कपाळावरून तुझ्या ओठांवर आलं, आणि या वेळी तू ते मिटले नाहीस. ते मी पाहिलं आहे. दहा वर्षं तेच पाहते आहे, भाकरी थापताना, बसच्या रांगेत, कुठंही.

बी उत्तम भरलं. नावं ठेवून झाल्यावर पुढच्या सालाला चुलतीनंच ओंजळभर मागून नेलं, आणि तिचं ते पुढं कुठं गेलं ते तिलाही ठाऊक नाही. आबा होते तोवर त्यांनी ते राखलं. आता शेत धाकटा भाऊ पाहतो. त्यानं विहिरीवर मोटर बसवली आहे. दिवाळीनंतर तो पिशवीभर कांदे घेऊन आला. "ताई, औंदापासनं पाकिटातलं बी लावतोय. माल जास्त निगतो. ह्ये शेवटचं, खायाला ठेव." मी ते खाल्ले नाहीत. खोलीमागं हातभर जागा आहे, तिथं लावले. म्हणजे आजीचा कांदा आता बहुतेक तेवढाच उरला आहे.

या पत्राला पत्ता असता तरी मी ते धाडलं नसतं, कारण पुढचं तुला कळलेलं मला सोसणार नाही. मी मडकी पुरली नाहीत. पानं अंथरली नाहीत. आमचे हे शिफ्टला गेले की मी नळाला पाइप लावते आणि त्या वाफ्याशी उभी राहते. शेजारीण ओरडते, "अगं, सडतील ते! कांद्याला कुणी एवढं पाणी देतं का?" तिचं बरोबर आहे, दोन डेंगळे पिवळे पडलेही आहेत. बी धरेल की कुजेल, आई, खरं सांगते, मला त्याचं काही वाटत नाही. वाफा तुडुंब भरून पाणी गटाराकडे वाहायला लागतं तरी मी पाइप काढत नाही. खाली वाकून एवढंच म्हणत राहते, पी.