व्हॉटएव्हर म्हणजे होकार

१२ मे, रविवार. सकाळी ८
लेक दिव्या नागपूरहून आली. लॅब टेक्निशियनचा कोर्स संपला. आता लग्न. चंद्रपूरच्या बापूजी रामटेकेंचा मुलगा लोकेश, फॉरेस्टात पर्मनंट. तिला सांगितलं. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "व्हॉटएव्हर."

मला इंग्रजी येतं. दहावीला एकसष्ट मार्क होते. तरी डिक्शनरी पाहिली : 'जे काही असेल ते'. म्हणजे बाबा, तुम्ही म्हणाल ते! डोळे भरून आले. संकल्प : पोरीशी रोज इंग्रजीत बोलायचं.

१३ मे
बोललो नाही. पंचायत समितीत मीटिंग होती.

नंदिनी, म्हणजे बायको, म्हणते, "शब्द काय पाहून राह्यले जी, तिचं तोंड पाहा ना." नंदिनीची शाळा सातवीत सुटली. तिला उगाच दुखवायला नको, म्हणून गप्प बसलो.

१५ मे. दुपार
दिव्याला म्हटलं, लग्नानंतर चंद्रपुरात नोकरी मी लावून देतो, माझी वरपर्यंत ओळख आहे. म्हणाली, "या, राइट." हो, बरोबर! 'या' फार लांबवला. नागपूरचा अ‍ॅक्सेंट असावा.

१७ मे
लोकेशचा फोटो दाखवला. "अ‍ॅज इफ!" म्हणाली आणि आत गेली. डिक्शनरी : 'जणू काही'. वाक्य अर्धंच सोडलं, लाजली बिचारी. पुढचं मीच पूर्ण केलं : जणू काही हीरोच.

लगेच बापूजींना फोन. पौर्णिमेला या. त्यांनी विचारलं, "पोरीले इचारलं ना भाऊ?" म्हटलं, तिने इंग्रजीत होकार दिलाय. त्यांनी दोनदा विचारलं, "इंग्रजीत?" इम्प्रेस झाले असणार.

१९ मे. संध्याकाळ
पाहुणे येणार हे दिव्याला सांगितलं. ती ओरडली, "लग्न? माय फूट!" पाय दुखत असेल तर सांगायचं नाही का आधी? चौकात जाऊन बाम आणला. तिच्यापाशी बसलो, म्हटलं, कोणता पाय? ती खूप हसली. हसता हसता रडायला लागली. बरंच दुखत असावं.

२३ मे, बुद्धपौर्णिमा
विहारात वंदना झाली. पाहुणे आले, खीर वाढली. सगळं प्लॅनप्रमाणे. मग बापूजींनी थेट दिव्यालाच विचारलं, "बेटा, तुले पसंत आहे ना?"

दिव्या म्हणाली, "काका, बाबानं मले इचारलंच नाई, नुसतं सांगितलं. मले हैदराबादच्या दवाखान्यात नोकरी लागली. एक तारखेले जॉइन व्हायचं आहे. बाबाले चारदा नाई म्हणून झालं."

चारदा? पाहुणे गेल्यावर ही डायरी तपासली. तिच्या इंग्रजीच्या नोंदी बरोबर चार निघाल्या.

२४ मे
घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. शेवटी मीच दिव्याकडे डायरी नेली. तिने एकेक शब्द समजावून दिला. चारही शब्द आपल्या एका 'हट्'मध्ये बसतात. मग सरळ हट् का नाही म्हटलं, असं विचारलं.

म्हणाली, "बापाले हट् कसं म्हणू जी? इंग्रजीत म्हटलं का लागत नाई."

लागलं.

३० मे. संध्याकाळी ५
सकाळच्या बसने दिव्या हैदराबादला गेली. स्टँडवर बरंच काही बोलायचं ठरवून गेलो होतो. बॅग वर चढवली आणि म्हटलं, पोचल्यावर फोन कर. ती म्हणाली, "ओके."

हा शब्द मला येतो. तरी घरी येऊन नंदिनीला विचारलं, ओके म्हणजे काय गं? भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आज नाई करत ती फोन."

बस तीनलाच पोचते. मोबाइल फुल चार्ज आहे. आज रेंजही आहे.