मुतखड्याचा भाव

पॉइंट कुक, मेलबर्न
जुलै महिना (हीटर लावूनही नाक गारच)

ती. हेरंबदादा यांना उल्हासचा वाकून नमस्कार.

(तुम्ही माझ्यापेक्षा दीड वर्षाने लहान आहात हे मला ठाऊक आहे. पण निहारिकेचे थोरले भाऊ, त्यामुळे वाकावंच लागतं. कंबर धरली आहे, तरी वाकलो असं समजा.) इकडे आम्ही सगळे ठीक. तिकडे अप्पांची तब्येत कशी आहे? वहिनींचा खांदा? सोसायटीची लिफ्ट चालू झाली का? बाथरूमचा नळ अजून गळतोय का? हे सगळं मी अगदी निर्मळ मनाने विचारतोय बरं का. हल्ली तसं मुद्दाम सांगावं लागतं, आणि ते का, हे पुढे कळेलच.

व्हॉट्सॲप असताना हा माणूस कागद का खराब करतोय, असं तुम्हाला वाटेल. पण माझा फोन आता माझा राहिलेला नाही. मी इकडे टाइप केलं की तिकडे तुमच्या भाचीच्या, स्वरदाच्या टॅबवर उमटतं, आणि ती ते मोठ्याने वाचून दाखवते. शिवाय आमच्या मंडळाचा यतिन हा सायबर सिक्युरिटीत आहे. म्हणजे नेमकं काय करतो हे कुणालाच माहीत नाही, आणि मला तेवढं कारण पुरे आहे. म्हणून हे पत्र मंडळातल्या भावनाच्या वडिलांबरोबर, दादारावकाकांबरोबर पाठवतोय. ते सहा महिने लेकीकडे राहून गुरुवारी पुण्याला परत चाललेत. सज्जन माणूस. तरी पाकिटाला तपकिरी टेप दोन्ही बाजूंनी लावून घेणार आहे, कारण सज्जन माणसांना विमानात वाचायला काही नसलं की काय करतील सांगता येत नाही.

आता मूळ भानगड. आमच्या मराठी मंडळात गणपतीचा कार्यक्रम काय ठेवायचा यावरून दरवर्षी भांडणं होतात. गेल्या वर्षी तर मतदान घेतलं आणि मोजणारी माणसंच आपसांत बोलेनाशी झाली. तेव्हा यतिनने तोडगा काढला. म्हणाला, मतदान नको, बाजार मांडू. तुमचे साहेब (ज्यांची भाषणं तुम्ही लिहिता, हे साहेब सोडून सगळ्यांना माहीत आहे) प्रत्येक सभेत विरोधकांना काहीतरी नवीन बोलतात. तर ते काय बोलणार, यावर डाव लावायचा. यतिनने त्यासाठी ॲपच बनवलं. पैसे नाहीत, नुसते लाडू. तेही ॲपमधलेच, खायचे नाहीत. ज्याला वाटतं की साहेब ‘सरडा’ म्हणणार, त्याने सरडा विकत घ्यायचा. घेणारे वाढले की सरड्याचा भाव चढतो. साहेब तसं बोलले की लाडू पदरात, नाही बोलले की सगळे पाण्यात. आणि शेवटच्या सभेनंतर ज्याच्याकडे सर्वांत जास्त लाडू, तो गणपतीचा कार्यक्रम ठरवणार. अहो, इंजिनियर, डॉक्टर, दोन चार्टर्ड अकाउंटंट, सगळ्यांनी माना डोलावल्या. लोकशाहीपेक्षा हे बरं, असं एकजण म्हणालासुद्धा.

मीही डोलावली, कारण तुम्हाला माहीत आहे, मी नाटक लिहिलंय. दोन अंकी. ‘पार्किंग मिळालं का?’ चार वर्षं मी ते मंडळासमोर ठेवतोय आणि चार वर्षं यतिनचा कराओके होतोय. तो निवडतो, तोच गातो, तोच ‘वन्स मोअर’ घेतो. दादा, चेष्टा बाजूला ठेवून सांगतो. सकाळी पावणेसातला स्टेशनच्या पार्किंगमध्ये जागा पकडायची आणि ट्रेन यायच्या आत गाडीतच मांडीवर वही ठेवून लिहायचं, असं ते नाटक झालंय. ते एकदा, एकदाच, माणसांसमोर उभं राहावं एवढीच माझी इच्छा आहे. लोक हसले नाहीत तरी चालतील. (हसले पाहिजेत.)

तर मे महिन्यातल्या सभेच्या आदल्या दिवशी यतिनने आपले निम्मे लाडू ‘राजकारणातला मुतखडा’ या शब्दावर लावले. तो शब्द यादीत त्यानेच घातला होता. भाव जेमतेम दोन लाडू. आम्ही सगळे पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी माईक हातात घेतला, घसा खाकरला, आणि तिसऱ्याच वाक्याला विरोधी पक्षनेत्यांना मुतखडा म्हणाले! सभेत टाळ्या पडल्या, इकडे माझा चहा सांडला. आता तुम्हीच सांगा, सरडा, पोपट, गांडूळ, हे कुणालाही सुचेल. मुतखडा कुणाला सुचतो? आतली खबर असल्याशिवाय?

मग मी यतिनवर नजर ठेवली. शनिवारी दुपारी तो हार्डवेअरच्या दुकानात शिरला तसा मीही शिरलो. बाहेर, इथल्या शनिवारच्या रिवाजाप्रमाणे, सॉसेज भाजत होते, तेव्हा संशय नको म्हणून मी एक पाव घेतला (आपण खात नाही, त्यामुळे नुसता कांदा घातलेला) आणि बार्बेक्यूच्या झाकणांआड उभा राहिलो. यतिन फोनवर हळू आवाजात बोलत होता. दुकानातल्या पोराने मला तीनदा ‘यू राइट, मेट?’ (म्हणजे, काही मदत हवी का) विचारलं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने विचारलं की यतिनने मागे वळून पाहिलं, ‘अरे उल्हास, बरा भेटलास’ म्हणाला, आणि मातीच्या सहा पिशव्या माझ्याकडून गाडीत भरून घेतल्या. ज्याच्या घरी एक तुळस जगत नाही, त्याला सहा पिशव्या माती कशाला? मला तेही खटकलं.

पुढचा संशय, लपवत नाही, तुमच्या बहिणीवर आला. दर शनिवारी ती तुम्हाला फोन करते आणि तो गॅरेजमध्ये, गाडीत बसून. घरात रेंज नाही म्हणे. (रेंज आहे. मी गॅरेजला लागून असलेल्या लाँड्रीच्या, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीच्या, दाराशी उभा राहून तपासली.) शेवटी मी तिला समोर बसवून स्पष्ट विचारलं, की मुतखडा बाहेर फुटला कसा? तर ती शांतपणे म्हणाली, अरे, अप्पांना मुतखडा झालाय हे मी तुला जेवताना सांगितलं होतं. तू ‘हं हं’ म्हणालास आणि वहीत काहीतरी लिहीत बसलास. यतिन तेव्हा मंडळाची घडीची टेबलं न्यायला आला होता. त्याने निदान विचारलं तरी, केवढा आहे, दुखतंय का.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दादा, तुम्ही घरात जे घडतं तेच साहेबांच्या तोंडी घालता! तुमची लिफ्ट बिघडली, तेव्हा साहेब युतीतल्या एका नेत्याला ‘दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट’ म्हणाले. वहिनींच्या साड्या कुरिअरवाल्याने भलतीकडे दिल्या, त्या आठवड्यात पक्ष सोडून गेलेला आमदार ‘शेजाऱ्याकडे टाकलेलं पार्सल’ झाला. नळ गळला, प्रवक्ते गळले. यतिनने हे माझ्या आधी ओळखलं. माझ्या सासरची माहिती, माझ्या घरात, माझ्या टेबलाशी उभं राहून!

आता गंमत बघा. मी रागाच्या भरात हे मंडळात बोलून गेलो. तेव्हापासून अख्खं पॉइंट कुक तुमच्या काळजीत आहे. ज्यांना निहारिकेचं आडनाव धड येत नाही, ते दुकानात गाठून विचारतात, भाऊ कसे आहेत? फ्रिज चालतोय ना? घरात काही तुटलं-फुटलं? मंडळातल्या शाल्मलीने तर गोड शिऱ्याचा डबा आणला आणि जाताजाता तुमच्या गाडीच्या क्लचची चौकशी केली. निहारिकेने आता तुमच्या घराबद्दल एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलंय. मलाही नाही. नवऱ्यालासुद्धा! बाजारात ‘जळका क्लच’ चढलाय, ‘आखडलेला खांदा’ चढलाय, आणि शेवटची सभा येत्या रविवारी आहे. यतिन सगळ्यांच्या पुढे. मी स्वरदाला म्हटलं, मामाला सरळ विचारतो. तर ती म्हणते, ‘बाबा, दॅट्स लिटरली इनसायडर ट्रेडिंग.’ तेव्हा ते मी मुळीच विचारत नाही. तुमच्या इमानाला मी धक्का लावणार नाही.

घरातल्या मोठ्यांच्या पाया पडतो, लहानांचे गाल ओढा, आणि बाकी कुणी विचारलं तर पत्र आलंच नाही म्हणून सांगा.

आपला,
उल्हास

ता.क. साहेब काय बोलणार हे विचारणं गैर आहे. पण काय बोलावं हे सुचवणं गैर आहे, असं यतिनच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा रविवारी विरोधी पक्षनेत्यांना ‘विझलेल्या चुलीवरचा तवा’ म्हणायला काय हरकत आहे? नुसता मिरवतो, पोळी एक भाजत नाही. माझ्या नाटकातलंच वाक्य आहे. मी ते यादीत घातलंय आणि माझे सगळे लाडू त्यावर लावलेत. भाव एक लाडू. कुणी हुंगतसुद्धा नाही. साहेबांच्या तोंडून ते निघालं की यतिन गेला आणि नाटक आलं.

ता.क. २. हे लिहून झाल्यावर ॲप बघितलं. तवा एकावरून अकरावर गेलाय! कुणीतरी गुपचूप भरमसाट तवे घेतलेत. हा यतिनच. त्याला या पत्राचा वास लागलाय. दादारावकाकांना आमच्याकडे चहा पिताना पाहिलं असणार त्याने. तुम्ही सावध राहा. पण तवा घालाच.

दादा, उल्हासने पाकीट टेप लावायला माझ्याकडे दिलं आणि ‘वाचू नकोस’ म्हणून चारदा बजावलं, म्हणजे वाचणं आलंच. ते तवे मी घेतलेत, यादीत त्याच्या नाटकातलं वाक्य दिसलं तेव्हाच. माझे होते नव्हते तेवढे सगळे लाडू घातले. नाटक मी वाचलंय, तो आंघोळीला गेला की रोज थोडं थोडं. चांगलं लिहिलंय रे. दुसऱ्या अंकात ती बाई गाडीत बसून माहेरी फोन करते आणि इकडे सगळं मजेत आहे म्हणून सांगते, तिथे मी घळाघळा रडले. त्याला हे सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल. तवा घाल. साहेब ऐकत नसतील तर पाया पड त्यांच्या. आणि तवे माझे आहेत हे इतक्यात उल्हासला कळू देऊ नकोस, रविवारपर्यंत त्याला यतिनवर संशय घेऊ दे, नाहीतर तो परत लाँड्रीच्या दाराशी येऊन उभा राहील.
निहा