वरच्या खोलीचं छत

१४ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझ्या भावजींना सर्दी झालीय, तिचा त्रास त्यांच्यापेक्षा मलाच जास्त, एवढंच.

या आठवड्यात वरची खोली रंगवायला काढली. तू ती पाहिलेली नाहीस. आपलं भांडण होऊन तू गेलीस, त्यानंतर आईला तिथं हलवलं. डोक्यावर पत्रा, खोली भट्टीसारखी तापायची, म्हणून पत्र्याला आतून फोम मारून घेतला. पिवळट फेस उतू जाणाऱ्या दुधासारखा फुगला आणि तसाच कडक झाला. कारागीर म्हणाला, "ताई, लवकर रंग द्या, नाहीतर खिडकीतल्या उन्हानं भुगा पडायला लागेल."

आई ऐकेना. दिवसभर पडल्या पडल्या ती त्या उंचवट्यांत माणसं शोधायची. खिडकीजवळच्या एका गोळ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "ही बघ ठमी, गाल फुगवून बसलीय. तिला येऊन बघू दे, मग खुशाल रंगव."

मी म्हटलं, "कळवलंय तिला. येतेय."

ठमे, मी कळवलं नव्हतं.

तुला फोनवर सांगितलं, आई एकाएकी गेली. एकाएकी नाही गं. डॉक्टर अकरा दिवस आधीच म्हणाले होते, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. रोज फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. मनात यायचं, दोन वर्षं हिचं अंथरूण-पांघरूण, औषधपाणी मी केलं. आता ठमी येणार आणि आई तिच्याच गळ्यात पडणार.

शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "गाडी चुकली का गं तिची?"

मी हो म्हटलं.

काल रंग दिला. ब्रश खाचांत पोचत नाही, फोम रंग पितो. दोन हात मारले तरी पिवळं डोकावत होतं. तिसऱ्या हाताला सगळं पांढरं झालं आणि तो गोळा कुठला, ते मला ओळखू येईना. शिडीवरून उतरले नि तिथंच फरशीवर बसून रडले. भावजींना वाटलं, रंगाच्या वासानं डोळे चुरचुरताहेत. मी तसंच वाटू दिलं.

माफ कर म्हणायला तोंड उरलेलं नाही. पण तू समजतेस तशी आई तुझ्यावर रागावून गेली नाही. तुझी वाट बघत गेली. ते तुझं होतं, आणि मी आठ महिने दाबून ठेवलं.

अजूनही म्हणवत असेल तर,
तुझी ताई