गिटारीआधीचं पाणी

सांता रोसा, ९ फेब्रुवारी १९९९

ती. ऑबदुलिया मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं धुरावरचं चीज पोचलं, पण घशाखाली उतरत नाही. एरवी तुला चिडवायला पत्र लिहितो, आज तेही सुचत नाही.

काराकासच्या रुबेनदादाने बाबांच्या पेटीत सापडलेली एक कॅसेट पाठवली. माझ्या बाप्तिस्म्याची. पाद्री रेनातोंना आपल्या नव्या पद्धतींचं भारी कौतुक, सगळं टेप करून ठेवायचे. जेवणानंतर आम्ही तिघे पाद्री हसत ऐकायला बसलो. गिटार वाजली, टाळ्या झाल्या आणि मग रेनातोंचा आवाज आला, की जीवनाच्या, प्रेमाच्या आणि या गावाच्या नावाने तुझं स्वागत असो. पित्याचं नाव नाही, पुत्राचं नाही, पवित्र आत्म्याचं नाही. कोणीतरी उठून टेप बंद केला.

बिशप म्हणाले, हा बाप्तिस्माच नव्हे. आणि बाप्तिस्मा नाही, तर मी पाद्रीही नाही. पाच वर्षं वेदीवर चालवलेल्या मिस्सा, दिलेल्या पापक्षमा, सगळं पोकळ. माझं एक वेळ ठीक आहे, नव्याने पाणी घालतील, नव्याने गुरुदीक्षा देतील. पण बाबा? रेनातो पाद्रीपणाचा झगा उतरवून निघून गेले तेव्हापासून बाबा चर्चची पायरी चढले नव्हते. गेल्या नाताळाआधी शेवटच्या अंथरुणावर माझ्यापाशी कबुली दिली, रडले, माझ्या हातून क्षमा घेऊन गेले. आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. देव संस्कारांना बांधलेला नाही, असं बिशप समजावतात. मीही लोकांना हेच सांगत आलो. स्वतःच्या बापाच्या बाबतीत ते पुरत नाही.

शब्दांना एवढं काय धरून बसायचं, देव काय कारकून आहे का, असं मीच तुला दर सुट्टीत म्हणायचो. आता हसून घे.

जसा असेल तसा, या पोराला तुझा आशीर्वाद दे.
तुझा,
लिसांद्रो

---

मुकुराय, १६ फेब्रुवारी १९९९

चि. फादर लिसांद्रो यास,
अ. उ. आ. देव तुझं भलं करो.

हसले नाही. पत्र वाचून गाईचं दूध काढलं, मग पुन्हा वाचलं, आणि मग मात्र तुझा राग आला. एवढा शिकलास, पण मावशीला आधी विचारावं हे सुचलं नाही. आपल्या पहाडात कुठलं मूल जन्मताच डोक्यावर घातलेल्या घरच्या पाण्यावाचून पाद्रीपर्यंत पोचतं? रेनातोने तो रिवाज अडाणीपणा म्हणून वेदीवरून बंद केला, हे खरं. तुझे बाबा, आन्सेल्मो भाऊजी, त्याचा उजवा हात, म्हणून घरात त्याबद्दल बोलायची सोय नव्हती. पुढे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तू जन्मलास आणि तुझी आई गेली, त्या दिवशी तू निळा पडला होतास. मी पातेल्यातलं पाणी तीनदा तुझ्या डोक्यावर घातलं आणि माझ्या आजीने शिकवलेले शब्द म्हटले, की पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते. त्यात माझी अक्कल काडीइतकी घातली नाही. घालायची म्हटली तर बरीच होती. जीवावर बेतलं की कोणीही दिलेला बाप्तिस्मा चर्च मानतं, तेव्हा तू ख्रिस्ती आहेस, रेनातोच्या गिटारीआधीपासून.

बिशप दुसरा साक्षीदार मागणार हे मला कळतं. पाणी घालणारीच साक्ष देणारी, हे कसं चालेल? मेणबत्ती धरायला देल्फिन उस्कातेगी होता, तुझा पाण्याचा धर्मबाप. पुढच्याच वर्षी रेनातोच्या शब्दावर वेदीपुढचा कठडा ज्याने करवतीने कापला, तोच तो. त्या कठड्याशी माझी आई जन्मभर गुडघे टेकत आली. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

काल बोलले. उतरण उतरून त्याच्या दारात गेले. त्याने बसायला बाक पुढे केला, तो त्या कठड्याचाच निघाला. मी उभीच राहिले आणि लिसांद्रोला तुमची गरज आहे एवढंच म्हटलं. तो म्हणाला, कोमाद्रे (त्या पाण्याच्या नात्याने तो मला असंच म्हणायचा), तुम्ही मला गुडघ्यांवर बसवलं होतं, मेण हातावर सांडलं तरी हलू दिलं नव्हतं, ते मी कसा विसरेन. आणि टोपी शोधायला लागला. मग मात्र मी त्या बाकावर बसले.

पोटभर जेवत जा. माझा जीव तुझ्यापाशी आहे, त्याला उपाशी ठेवू नकोस.
तुझी,
मावशी

---

सांता रोसा, २७ फेब्रुवारी १९९९

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सुटलो. देल्फिनकाका स्वच्छ सदरा घालून आले आणि बिशपांसमोर तुझे शब्द उभ्याने जसेच्या तसे म्हणून दाखवले. बिशपांनी विचारलं, तुम्ही तर रेनातोंच्या बाजूचे, मग त्यांनी बंद केलेल्या गोष्टीला गेलात कसे? काका म्हणाले, रेनातोंची गाणी मला आवडायची, पण पोर निळं पडलं होतं.

बिशपांनी लेखी निर्णय दिला. बाप्तिस्मा झालेला आहे, दीक्षा खरी, मिस्सा खऱ्या, बाबांची क्षमा खरी. मी जेवलो आणि संध्याकाळपर्यंत झोपलो. तू शब्दांना चिकटून बसतेस म्हणून मी तुझी टर उडवायचो. तू चिकटून बसलीस म्हणून बाबांना द्यायला माझ्या हातात काही होतं. हे तोंडावर सांगायला मला लाज वाटेल, म्हणून इथेच लिहितो.

बसमध्ये चढताना काकांनी विचारलं, कोमाद्रे आता माझ्याशी बोलत राहतील का? मी म्हटलं, याची हमी बिशपही देणार नाहीत. ईस्टरला येतो.

रागावलीस तरी चालेल, पण अंतर देऊ नकोस.
तुझा,
लिसांद्रो

---

मुकुराय, ७ मार्च १९९९

चि. लिसांद्रो यास,
अ. उ. आ.

देल्फिन तो बाक खांद्यावर घेऊन चर्चमध्ये आला. पाद्री म्हणाले जागा नाही. मी म्हटलं, कडेला ठेवा, गुडघे टेकायला जागा लागते कितीशी. ठेवला. देल्फिनशी मी बोलते, पण बटाटे आणि हवापाणी एवढंच, फार आशा धरू नका म्हणावं. ईस्टरला कबुली तुझ्यापाशीच देईन. कठड्याचा राग मात्र त्यात सांगणार नाही, तो पापात मोडत नाही.

काल आन्सेल्मो भाऊजींच्या कबरीवर गेले. बिशप काय म्हणतात या धास्तीने इतके दिवस गेले नव्हते. सगळं त्यांच्या कानावर घालायचं म्हणून फुलं ठेवून बसले, आणि लक्षात आलं की त्यांना सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. त्यांची क्षमा पहिल्यापासून खरीच होती, घाबरलो होतो ते आपण. मग थोडं तण उपटलं आणि घरी आले.

वेळेवर ये. माया होती तशीच आहे.
तुझी,
मावशी