मेणातला तुकडा, बादलीतला रंग

सुरत, कोजागिरीनंतरचा शुक्रवार

ती. सौ. छायाताईस,

धाकट्या मधुकरचा वाकून नमस्कार. दाजींची साखर काय म्हणते? (त्यांना विचारू नकोस, खरं सांगणार नाहीत. सरळ स्वयंपाकघरातले डबे तपास.) कोजागिरीला आलीस आणि लगेच अंमळनेरला पळालीस, घर अगदी सुनं झालं. हे पत्र आमच्या हर्षलच्या हाती पाठवतोय, कारण फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

तू इथे असताना बोललो नाही. मानेवरच्या ज्या गाठीचा दोष मी उशीला देत होतो, ती उशी बिचारी निर्दोष निघाली. सुधाने आठवडाभर हळदीचा लेप लावला. गाठीने दाद दिली नाही, सोसायटीत मात्र मला सगळे नवरदेव म्हणू लागले. शेवटी डॉक्टरांनी गाठ काढून पॅथॉलॉजीत पाठवली. मला वाटलं, सूक्ष्मदर्शकातून बघतील आणि नाव सांगून मोकळे होतील. तर तिथल्या केतकीबेन (आडनावाने आपल्याच, पण बोलतात 'काका, चिंता ना करो') म्हणाल्या, हा लिम्फोमा आहे, एक प्रकारचा कॅन्सर. पण नेमका कोणता, ते नुसतं बघून ठरत नाही. बऱ्याच प्रकारांत पेशी अशाच बारीक, एकसारख्या दिसतात. म्हणून निरनिराळे रंग लावून बघायचे. सायक्लिन डी-वन नावाच्या प्रथिनाच्या तपासणीत पेशीच्या गाभ्यात तपकिरी रंग उतरला, तर बहुतेक मँटल सेल लिम्फोमा. आणखी एका रंगाने कळतं, पेशींना वाढायची घाई किती आहे. औषध त्यावर ठरणार.

ताई, मला एकदम आपली नवागामची मोरी आठवली गं. आई विटलेल्या साड्या बादलीत रंगवायची, तू काठीने ढवळायचीस आणि मी हात बुडवून जांभळ्या हातांनी शाळेत जायचो. सगळी साडी रंगायची, काठ तेवढा कोरा राहायचा. मग आई म्हणायची, "काठ सुती नाही गं, फसवलं त्या फेरीवाल्याने." हे मी केतकीबेनना इतकं लांबण लावून सांगितलं की बाहेरची रांग खोळंबली. तेवढा वेळ मला भीती वाटली नाही.

आता खरा घोळ ऐक. ते रंग दुसऱ्या मोठ्या लॅबमध्ये लावतात, म्हणून मेणात बसवलेला गाठीचा तुकडा त्यांनी माझ्याच हाती दिला. सोमवारी पोचवायचा आहे. मेण वितळत नाही असं बजावलं होतं, पण सुरतेतल्या ऑक्टोबरवर सुधाचा जास्त विश्वास. तू इथे होतीस तेव्हाच तिने तो मिठाईच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला. आज डबा उघडला, तर आत तुपाने माखलेल्या माव्याच्या घाऱ्या! मेणाचा पत्ताच नाही.

तुझा,
मधुकर

ता. क. निघताना सुधाने तुझ्या पिशवीत घारीचा डबा घातला होता ना? दाजींच्या धास्तीने तो तू कपाटात कुलपात ठेवला असशील, अशी देवाकडे प्रार्थना आहे. त्यात घारी नाही, मी आहे.

ता. क. २. डबा घेऊन हर्षल लगेच परततो म्हणेल. त्याला देऊ नकोस. तू स्वतः घेऊन ये आणि रिपोर्ट येईपर्यंत राहा. सुधापुढे मी हसतो, हर्षलपुढेही हसतो. तुझ्यापुढे मला रडता येईल.