काट्याजवळून जाताना

नळदुर्ग, २ नोव्हेंबर २०२५

ती. मच्छिंद्रमामांस, सप्रेम जय भीम.

फोनवर माझ्याने बोलवणार नाही, म्हणून लिहिते. घडले ते असे:

१. आपल्या सोयाबीन कारखान्यात ट्रकांचा वजनकाटा तुम्ही सांभाळता. पाळी संपल्यावर एका आडत्याच्या काट्यावरही काम करायची परवानगी तुम्ही मागितलीत.
२. तो आडत्या आपल्याच कारखान्याला माल घालतो. काट्यांची इंजिनिअर म्हणून निर्णय माझ्याकडे आला. मी नकार दिला.
३. त्याआधी कारखान्याच्या साहेबांनी मला विचारले, अर्जदार नात्यातला आहे का. मी नाही म्हणाले. तुम्ही दारातच उभे होता.

नकार बरोबर होता. तो देणारी मी असायला नको होते. साहेबांना खरे सांगायचे ठरवले आहे.

मामींना जय भीम. रागवा, पण परकी करू नका.

पौर्णिमा

जळकोट, ४ नोव्हेंबर

चि. पौर्णिमास, मामाचे आशीर्वाद.

तुझी मामी म्हणती, पोरगी पत्रालाबी नंबर घालती. नकाराचं मला काई न्हाय. देणाऱ्याचा अन् घेणाऱ्याचा काटा एका हातात नसावा, हे मलाबी कळतं. आपल्या पोराच्या, प्रसेनजितच्या होस्टेलसाठी दुसरं काम लागतंच, ढाब्यावर बघतो.

पण साहेबाला सांगू नगं. तुला विचारलं त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मलाबी तेच विचारलं व्हतं. म्याबी न्हाय म्हनलो. तू कामावर आलीस त्या दिवशी काट्याजवळून मान खाली घालून गेलीस. तवाच समजलो, पोरीला इथं मामा नगं. आता खरं निघालं तर खोटं बोलला म्हणून मला काढतील. या वयात कोण घेतंय?

रविवारी जेवायला ये. मामी वाट बघती.

तुझा मामा,
मच्छिंद्र

नळदुर्ग, ६ नोव्हेंबर

ती. मामांस, सप्रेम जय भीम.

मान खाली घातली होती. सोबत माझ्याबरोबरच कामाला लागलेले कॉलेजातले दोघे होते. एवढेच कारण.

तुमचे खोटे माझ्यासाठी होते. माझेही माझ्यासाठीच. साहेबांना सांगेन की तुम्ही माझ्यामुळे तसे बोललात, शिक्षा मला द्या. ते ऐकतीलच याची खात्री नाही. म्हणून तुमच्या होकाराशिवाय तोंड उघडणार नाही. तोवर काट्यावर तुम्हाला मामा म्हणता येत नाही, आणि मामींच्या हातचे जेवायला यायची लाज वाटते. मामींना काहीतरी कारण सांगा.

माया कमी करू नका, हे मागायचा हक्क उरला असेल तर मागते.

साहेब सोमवारी येतील. सांगू की गप्प राहू, ते रविवारपर्यंत कळवा.

तुमची भाची,
पौर्णिमा